गाडीलेही थंडी वाजते

आमच्या घरी कोंबडीच्या पिलाले जेवढी माया भेटते तेवढी माणसाले भेटत नाई, हे मी लग्न झाल्यापासून पाहून राह्यली. पण ही माया एक दिवस माह्या गाडीवर उतू जाईन अन् माह्या भाचीचं वर्षभराचं रगत आटवणं एका सकाळी मातीत घालाले निघन, असं मले सपनातही वाटलं नोतं. मी नलू. वर्धा जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाले, तळेगावच्या पुढे आमचं गाव आहे. वर्ध्याले जायचं म्हणजे आर्वी, खरांगणा, आंजी करत सत्तर किलोमीटर.

दोन वर्षांमागं मी बिजलीवरची गाडी घेतली. नवी कोरी नाई, कोण्या ऑफिसात साहेब लोकांईले घेऊन फिरलेली, जुनी. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या धम्मदीपनं आपल्या गॅरेजात ती ठीकठाक करून मले देली. आर्वीच्या चार मॅडम आमच्या गावच्या शाळेत शिकवाले येतात, त्याईले सकाळी आणायचं अन् शाळा सुटली का नेऊन सोडायचं, हा माहा धंदा. माहे दीर कैलास भाऊजी यांची डिझेलची जीप आहे. माह्या गाडीले ते सेलची गाडी म्हणतात. मी दारातून निघाली का हमखास इचारतात, वहिनी, चावी भरली का. मी म्हणते, हाव भाऊजी, तुमच्या अकलेले भरून उरली ते इकडे भरली. तरी माणूस सुधरत नाई.

पहिल्या हिवाळ्यात मात्र मले खरंच घाम फुटला होता. उन्हाळ्यात पूर्ण चार्ज केली का नव्वद किलोमीटर चालणारी गाडी, दिवाळी झाली अन् हीव पडाले लागलं, तशी सत्तर-बहात्तरवर मान टाकाले लागली. मी धम्मदीपले फोन लावून जे तोंडात आलं ते बोलली. म्हटलं, तू मले म्हातारा बैल रंगवून इकला. पोरगा शांत आहे, त्यानं सगळं आयकून घेतलं अन् मंग समजावलं. म्हणे, काकू, बॅटरीच्या पोटात जे रसायन असते ते थंडीत आखडते, तुमचे गुडघे आखडतात तसे. ती काई खराब झाली नाई. अंग गरम झालं का सुटते.

मंग त्यानं मले हिवाळ्यातली तऱ्हा सांगतली. गाडी रात्री उघड्यावर ठेवाची नाई. रिकामी करून थंडीत सोडून द्यायची नाई. चार्जिंग अशा बेतानं लावायचं का ते निघायच्या जरा आधी संपन, कारण चार्ज होता होता बॅटरीले ऊब येते, अन् त्याच उबेत निघायचं. हीटर लावायचा नाई, तो बॅटरी पिते. थंडीत चाकातली हवा बसते, ते पाहत जायचं. अन् एक गोष्ट त्यानं दोनदा सांगतली होती. गाडीत बॅटऱ्या दोन असतात. मोठी खाली, गाडी ओढते. छोटी समोर, बोनेटात. तिचं काम एकच, मोठीले झोपेतून उठवणं. हे मी आयकलं अन् इसरली, कारण छोट्या बॅटरीनं मले कधी तरास देला नोता.

तवापासून माही गाडी गोठ्यात झोपते, अन् हिवाळ्यातही ऐंशी-पंच्याऐंशी चालते. एकीकडे गाय, एकीकडे गोऱ्हा, मधात गाडी. जनावरांच्या अंगाची ऊब रात्रभर गोठ्यात राह्यते, हे आमच्या बापजाद्याईले धम्मदीपच्याही आधी माहीत होतं. सकाळी एखाद्या चाकाले शेण लागलेलं असते, तेवढं चालते.

आता आकांक्षाचं सांगते. आकांक्षा माह्या भावाची पोरगी. आर्वीच्या कॉलेजात होती तवापासून माह्याच घरी राह्यते अन् पोलीस भरतीच्या मागं लागलेली आहे. रोज अंधारात उठून डांबरी रस्त्यानं पळते. गेल्या वर्षी वर्ध्याच्या मैदानावर तिची शारीरिक चाचणी होती. हजेरी दिवस निघाल्यावर तासाभरात अन् आमच्याकडची पहिली एसटी तिथं पोचते ऊन चढल्यावर. म्हणून ती आदल्या दिवशी गेली. वर्ध्यात आपलं कोणी नाई. गावोगावच्या पोरी बसस्टँडवर झोपल्या, ती बी त्याईच्यात झोपली, अंगावर एक शाल अन् खाली गार फरशी. सकाळी धावाले उभी राह्यली तं पोटऱ्याच आखडल्या. आठशे मीटरले दोन सेकंद जास्त लागले अन् त्या दोन सेकंदांपायी यादीतून नाव गेलं.

घरी आली तं रडली नाई. चुलीजवळ बसली अन् एवढंच बोलली, "आत्या, पायच गार पडलते." मले इतका राग आला, इतका राग आला, का कोणावर काढू ते समजे ना. पोरगी वर्षभर धावते अन् तिले हरवते कोण, तं बसस्टँडची फरशी. तवाच मी बोलून बसली. पुढच्या वेळी माही पोरगी घरची भाकर खाऊन, घरच्या गोधडीत झोपून, गरम पायानं मैदानावर उतरन, अन् माह्या गाडीत जाईन. कैलास भाऊजी तिथंच होते. ते हसले अन् म्हणे, सत्तर किलोमीटर, हिवाळ्यात, सेलवर?

यंदाची तारीख आली ते नेमकी जानेवारीच्या कडाक्याची. पेपरात थंडीच्या लाटेची बातमी होती, अन् इकडे भावाचा निरोप होता का यंदा जमलं नाई तं तो पोरीले स्थळं पाहाले लागन. भावाले बोलून काय होते, पळूनच दाखवा लागते.

आदल्या दिवशी मी मॅडम लोकांईले सुटी सांगून टाकली. चाकात हवा भरली, गाडी पुसली, दिवस बुडाल्यावर गोठ्यात लावून चार्जिंगवर टाकली, म्हणजे निघायच्या वक्ती बरोबर पूर्ण होते. हीटर तं लावता येत नाई, पण पोरीचे पाय गरम ठेवाचे होते, म्हणून चार इटा काढून ठेवल्या. पहाटे चुलीत तापवायच्या, पोत्यात गुंडाळायच्या अन् तिच्या पायाखाली द्यायच्या. आमचे हे, म्हणजे किसनराव, मागं मागं फिरत होते. त्याईनं एक जुनी गोधडी आणून बोनेटवर टाकली. मी म्हटलं टाका. गोधडीनं काई बॅटरी तापत नाई, पण माणसाचं मन राखा लागते. कैलास भाऊजीची जीप हाताशी ठेवलीच होती त्याईनं, मले न इचारता. त्याचाही मी राग गिळला.

मी झोपल्यावर या माणसानं काय केलं ते मले सकाळी समजलं.

सकाळी अंधारातच इटा चुलीत टाकल्या, आकांक्षाले भाकर अन् दूध देलं अन् गोठ्यात गेली. चावी दाबली. काईच नाई. पुन्हा दाबली. ना दिवा, ना आवाज. चावीच्या पात्यानं दार उघडून आत बसली, बटण दाबलं, तं समोरचा पडदा काळाठिक्कर. कोणी मेल्यावर त्याच्या तोंडाकडे पाहावं तशी मी त्या पडद्याकडे पाहत राह्यली. घरात लाइनही नोती, आम्ही झोपल्यावर कवातरी गेलती. पण लाइन गेली तं चार्जिंग थांबन, गाडी काऊन मरन, हे काई डोक्यात शिरे ना.

गोधडी बाजूले करून बोनेट उघडलं अन् मले सगळं दिसलं. आत छोट्या बॅटरीजवळ एक पत्र्याचा डबा ठेवलेला, डब्यात जीपच्या हेडलाइटचा जुना दिवा, अन् दिव्याच्या दोन तारा थेट बॅटरीले गुंडाळलेल्या. दिवा इझलेला होता. डबा अजून कोमट लागत होता.

किसनराव माह्या मागं येऊन उभे होते. त्याईचा चेहरा पाहून मले समजलं का त्याईलेही समजलं. आमच्याकडे हिवाळ्यात कोंबडीची पिलं निघाली का खुराड्यात डब्यात दिवा लावून ठेवतात, उबेनं पिलं जगतात. यांनी इचार केला, गाडीलेही थंडी वाजते म्हणतात, एक रात्र तिलेही दिवा लावू. अन् लाइनीचा भरवसा नाई म्हणून दिवा गाडीच्याच बॅटरीवर लावला. जवर लाइन होती तवर गाडी छोट्या बॅटरीले भरत राह्यली. लाइन गेली अन् दिव्यानं तिले पिऊन टाकलं. करायले गेलो गणपती अन् झाला मारुती.

मी काय काय बोलली ते सगळं इथं सांगत नाई, कोंबड्या सुद्धा गुपचूप झाल्या होत्या एवढं समजून घ्या. किसनराव हातात तो दिवा धरून उभे राह्यले. त्याईच्या डोळ्यांत पाणी आलं तं मले आणखीनच राग आला, कारण आता नीट भांडताही येत नोतं.

आकांक्षानं पळत जाऊन कैलास भाऊजीले उठवलं. ते मफलर गुंडाळत आले ते बादशहासारखे. म्हणे, चिंता नको वहिनी, डिझेल ते डिझेल. जीपीत बसले, चावी फिरवली. घुर्र झालं, मंग घुर्रही होई ना. रात्रभर अंगणात दवात उभी होती, तिचीही बॅटरी गारठलेली. आम्ही तिघं-चौघांनी ढकलली, नाल्यापर्यंत नेली, चालू होई ना. भाऊजी बोनेट उघडून त्याच्यात डोकं घालून उभे राह्यले. एकाच घरच्या दोन गाड्या मेल्या होत्या, अन् तिकडं वर्ध्यात मैदान कोणासाठी थांबणार नोतं.

आकांक्षा पायरीवर बसली होती. तिनं गेल्या वर्षीचीच शाल अंगावर घेतली होती अन् हातानं पोटऱ्या चोळत होती. तिनं काई बोलावं म्हणून मी तिच्याकडे पाह्यलं, अन् ती दुसरीकडे पाहाले लागली. मले वाटलं, हे देवा, मी एवढ्या मोठ्या तोंडानं बोलली अन् हिले पुन्हा इथंच बसवली.

त्याच वक्ती मले टक् टक् आयकू आलं.

आमच्या आवाराले लागून कैलास भाऊजीचा हरभरा आहे. रानडुकरं येतात म्हणून भोवती तार अन् तारेवर झटका मशीन. डुकरानं तारेले तोंड लावलं का त्याले झटका बसते अन् ते पळते. मशीन सौर पाटीवर चालते अन् रात्रीसाठी खाली एक बारकीशी बॅटरी ठेवलेली असते. रात्रभर ते टक् टक् करत राह्यते, आम्हाले त्याची इतकी सवय का कानाले लागत नाई. तिथं अंधारात त्याचा लाल दिवा चमकून राह्यला होता. काखेत कळसा अन् गावाले वळसा, अजून काय.

मी म्हटलं, ती बॅटरी आणा. भाऊजीच्या ध्यानात आलं तशी त्याईची कळी खुलली. म्हणे, बॅटरी माही आहे, आधी माही जीप. हक्काची गोष्ट होती. किसनराव मशीन बंद करून बॅटरी घेऊन आले. नाल्यावर नेऊन जीपीले जोडली. चावी फिरवली. एक टक् झालं अन् इंजिन जागचं हललं नाई. भाऊजी म्हणे, हिच्यात दमच नाई, डुकराले भेव घालण्यापुरती आहे, एवढ्याशा बॅटरीनं जीप उठली नाई तं वहिनी तुमची काय उठते.

अन् मले धम्मदीपचं बोलणं आठवलं. छोटी ओढत नाई, फक्त उठवते. जीपीचं इंजिन दम लावून फिरवा लागते, माह्या गाडीत फिरवायले इंजिनच नाई. मोठी बॅटरी खाली भरलेली पडली आहे, तिले फक्त हाक मारणारा पाह्यजे. मी किसनरावले सांगतलं, आधी मेलेल्या बॅटरीच्या तारा सोडा, नाईतं ती हिचंही पिऊन टाकन. मंग लालले लाल, काळ्याले काळी. त्याईनं तारा जोडल्या. भाऊजी कमरेवर हात ठेवून उभे. म्हणे, झटका देऊन गाडी चालू करता का आता.

मी आत बसली. डोळे मिटले, उघडले, बटण दाबलं. गाडीच्या पोटात कुठंतरी खट् झालं अन् समोरचा पडदा लख्ख उजेडात आला.

मले रडूच आलं. किसनराव गोठ्याच्या खांबाले टेकून खाली बसले. भाऊजींनी मफलर सोडला अन् पुन्हा बांधला. पडद्यावर आकडा आला, चार्ज अठ्ठ्याऐंशी टक्के, किलोमीटर चौऱ्याहत्तर. जायचं सत्तर. चार किलोमीटर खिशात घेऊन निघायचं होतं, थंडीत, इतक्या उशिरानं.

झटक्याची बॅटरी मी बोनेटात सुतळीनं करकचून बांधली, कारण आता तीच गाडीची छोटी बॅटरी होती. भाऊजी म्हणे, अन् माहा हरभरा? मी किसनरावकडे बोट दाखवलं. म्हटलं, हे राखतीन. डबा आहेच त्याईच्याजवळ, तोच वाजवा म्हणावं. इटा पोत्यात गुंडाळून आकांक्षाच्या पायाखाली देल्या, बोनेटवरची गोधडी तिच्या मांडीवर टाकली अन् आम्ही निघालो.

आर्वी यायच्या आधीच खिशातले चारही किलोमीटर गेले. गाडी एक चाले अन् आकडा दीड उतरे. समोरून वारा असा का काचेतून कानाले लागे. हीटर बंद म्हणून काच आतून धुरकट होई, आकांक्षा फडक्यानं पुसे. आर्वी लागली तवा जायचे त्रेपन्न राह्यले होते अन् पडदा पन्नास दाखवत होता. आर्वीत कुठं चार्जिंगले लावावी तं थंडीत भरालेही जास्त वेळ लागते, तोवर मैदानाचं फाटक लागलं असतं. मी गाडी थांबवली नाई. चाळीसच्या वर पळवायची नाई, घाईनं दाबायची नाई, ब्रेक मारायची पाळी येऊ द्यायची नाई, एवढंच माह्या हातात होतं.

आर्वीच्या बाहेर कापसानं भरलेला ट्रक भेटला, जिनिंगले चालला होता. झुलत झुलत, चाळीसच्या चालीनं. मी त्याच्या मागं बेतानं अंतर धरून लागली. एवढा मोठा कापसाचा ढीग समोर, वारा त्यानं अडवला. एरवी अशा ट्रकच्या मागं अडकली तं मी त्याच्या सात पिढ्या काढते. त्या दिवशी मी त्या ड्रायव्हरले मनातल्या मनात लेकुरवाळा हो म्हटलं. मधूनच कापसाचा एखादा पुंजका उडून काचेवर येई.

खरांगण्याजवळ झाडीतून रस्ता जाते, तिथं थंडी दुपटीनं वाढली. इटा थंड झाल्या होत्या. मी तिरप्या नजरेनं पाह्यलं तं पोरगी गोधडीत पाय चोळत होती. माह्यानं पाहवलं नाई. मी हीटर लावला. मिनिटभर बरी ऊब आली अन् पडद्यावरचा आकडा एकदम पाच किलोमीटरनं पडला. आकांक्षानं हात लांब करून हीटर बंद केला, तसे गेलेले पाच परत आले.

"आत्या, पोचलोच नाई तं गरम पाय घेऊन करू काय," ती म्हणे. "अंग मी गरम करते, तू गाडी सांभाळ."

अन् तिनं बसल्या जागी पाय आपटाले सुरुवात केली. टाच, चवडा, टाच, चवडा, जशी जागच्या जागी पळून राह्यली. खरांगण्यापासून आंजीपर्यंत गाडीत धबधब चालू होती. मले आठवलं, कॉलेजात तिले पळणं शिकवणाऱ्या मास्तरनंही हेच सांगतलं होतं अन् धम्मदीपनंही हेच. आखडलेलं खराब नसते, चालत राह्यलं का सुटते.

आंजीच्या अलीकडं दिवस निघाला. ऊन कवळंच होतं, पण काचेतून पोरीच्या मांडीवर पडलं. आता मी सांगते ते खोटं वाटन, पण माह्या डोळ्यांनी पाह्यलं. आकडा थांबला. आम्ही दोन किलोमीटर गेलो अन् तो एकच उतरला. चालून चालून मोठ्या बॅटरीच्याही अंगात ऊब आलती. तीनचा फरक दोनवर आला, मंग दोनाचा एकावर. कापसाचा ट्रक बाजूले वळला तवा मी त्याले हॉर्न देऊन राम राम केला. मी गाडीच्या स्टिअरिंगवर हात फिरवला अन् म्हटलं, चाल माय, आता तुह्याच भरवशावर आहे.

वर्ध्याची पहिली घरं दिसली अन् पडद्यावर कासव आलं. ही गाडीची रीत आहे, जीव संपत आला का ती कासव दाखवते अन् मंग कितीही दाबा, कासवासारखीच चालते. किलोमीटरच्या जागी आता नुसत्या आडव्या रेघा. आर्वी नाक्यावर ऑटोवाले मागून हॉर्न वाजवत होते, एक म्हणे, काकू, धक्का देऊ का. मी खिडकी खाली करून त्याले जे सांगायचं ते सांगतलं.

आकांक्षानं गोधडी घडी करून मागं ठेवली अन् बुटाच्या नाड्या बांधल्या. म्हणे, आत्या, मी उतरते. माहं वजन तरी कमी होईन, अन् मले अंग गरम करायचंच आहे. मी काई म्हणायच्या आत ती उतरली अन् गाडीच्या बाजूनं पळाले लागली. हलक्या हलक्या पायानं, तोंडातून वाफ काढत. ती पळे तेवढ्याच चालीनं माही गाडी चाले. चहाच्या टपरीवरचे लोक उठून पाहाले लागले. एक म्हातारा आपल्या सायकलवरून उतरून बाजूले झाला अन् त्यानं पोरीले हात वर केला. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून रडत होती अन् हसत होती, दोन्ही एकदम, अन् मले त्याची काई लाज वाटली नाई.

पोलीस मैदानाचं फाटक दिसलं. रांगेतल्या शेवटच्या पोरी आत जात होत्या. आकांक्षा पुढे निघाली, मागं वळून पाह्यलं नाई, कागद दाखवला अन् आत गेली. माही गाडी फाटकापासून हातभर अंतरावर आली, भिंतीच्या कडेले लागली अन् उभी राह्यली. पडदा इझला. मी बटण दाबून पाह्यलं नाई. तिनं तिचं काम केलं होतं.

फाटकावरचा शिपाई आला अन् म्हणे बाई, गाडी इथं लावता येत नाई. मी त्याले सांगतलं, साहेब, ही लावली नाई, ही पोचली. अन् सत्तर किलोमीटरची गोष्ट त्याले उभ्या उभ्या आयकवली. बोनेट उघडून झटक्याची बॅटरी दाखवली. तो गावाकडचाच असन, त्यानं सुतळीची गाठ पाह्यली अन् हसला. म्हणे, राहू द्या, तुमचा माणूस येईपर्यंत राहू द्या. धम्मदीपले मी फोन केला होता, तो गाडी ओढून न्यायले निघाला होता.

तेवढ्यात किसनरावचा फोन आला. मागून डबा वाजत असल्याचा आवाज येत होता. त्याईनं इचारलं, गाडी बरी आहे ना. मी म्हटलं, आधी पोरीचं इचारा. तं म्हणे, पोरीचं इचारायची हिंमत होऊन नाई राह्यली, म्हणून गाडीचं इचारलं. माहा सकाळपासूनचा राग तिथंच उतरला. मी म्हटलं, पोचली. दोघीही पोचल्या. कैलास भाऊजीची जीप अजून नाल्यापाशीच होती अन् ते झटक्याची बॅटरी कवा येते म्हणून इचारत होते. मी सांगतलं, भाऊजीले म्हणा, चावी भरून पाहा.

आत आम्हाले जाऊ देत नाईत. फाटकाबाहेर मायबापांची गर्दी, सगळे टाचा उंचावून पाहणारे. शिट्टी आयकू येई, पोरींचे जथ्थे धुळीत पळताना दिसत, कोणती कोणाची ते समजे ना. ऊन चांगलं वर आलं. मी गोधडी छातीशी धरून उभी होती. गेल्या वर्षी घरी बसून वाट पाहणं जड गेलं होतं, इथं उभं राहून पाहणं त्याहून जड होतं. दोन सेकंद किती असतात, चुटकी वाजवली का गेले, अन् एक अख्खं वर्ष त्याच्यात मावते.

आकांक्षा बाहेर आली तं केस घामानं कपाळाले चिकटलेले, छातीवर नंबर लावलेला. ती पळत आली नाई, चालत आली. माह्यासमोर उभी राह्यली, अन् मी गोधडी तशीच छातीशी धरून थांबली. धम्मदीप तेवढ्यात गाडीले दोर बांधायले आला होता, तोही दोर हातात धरून थांबला. तिनं सांगतलं, आठशे मीटरले पूर्णच्या पूर्ण मार्क. घोळक्यात पहिली. आता लेखी परीक्षा राह्यली अन् लेखीचं तिले भेव नाई.

मंग ती खाली बसली, बूट काढला, मोजा काढला अन् माहा हात धरून आपल्या तळपायावर ठेवला.

"पाह्य आत्या," ती म्हणे, "अजून गरम आहे."